गाय गिब्सन

विंग कमांडर गाय पेनरोझ गिब्सन (१२ ऑगस्ट १९१८, सिमला – १९ सप्टेंबर १९४४, स्टीनबर्गेन, नेदरलँड्स) हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश शाही हवाई दलाचे एक वैमानिक आणि त्या दलाच्या ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे पहिले प्रमुख होते. मे १९४३ मध्ये जर्मनीच्या ऱ्हूर औद्योगिक प्रदेशालगतच्या धरणांवर लँकेस्टर विमानांनी केलेल्या हल्ल्याचे त्यांनी नेतृत्व केले व त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्या वेळी त्यांचे वय २४ वर्षांचे होते. २६ वर्षे आणि सुमारे पाच आठवड्यांच्या आयुष्यात त्यांनी १७० हून अधिक युद्धमोहिमांत उड्डाण केले. धरणांवरील हल्ल्याच्या रात्री त्यांच्या विमानात असलेल्या सात जणांपैकी एकही जण युद्धाच्या अखेरीस हयात नव्हता.

बालपण आणि शिक्षण

गिब्सन यांचा जन्म ब्रिटिश राजवटीतील भारतात, सिमला येथे झाला. त्यांचे वडील अलेक्झांडर जेम्स गिब्सन हे इंपीरियल फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये वनाधिकारी होते, तर आई लिओनोरा ही इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील होती. तीन भावंडांत गाय हे सर्वांत धाकटे. हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घरची मुले वाढत, त्याच रीतीने नोकरचाकरांच्या सहवासात त्यांची पहिली सहा वर्षे गेली. पुढे आईवडिलांचे पटेनासे झाले आणि १९२४ मध्ये आई मुलांना घेऊन इंग्लंडला परतली. तेथे ती दारूच्या व्यसनात खोल बुडाली. मुले वसतिगृहांत आणि सुट्टीत आप्तांच्या घरी वाढली. १९३९ च्या नाताळच्या सुमारास भाजल्यामुळे तिचा मृत्यू झाला. घराचे स्थैर्य गिब्सन यांना लहानपणी फारसे लाभले नाही, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना ध्यानात ठेवावी लागते. शाळा आणि नंतर स्क्वाड्रन हेच त्यांचे घर झाले.

ऑक्सफर्ड येथील सेंट एडवर्ड्स स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. प्रसिद्ध लढाऊ वैमानिक डग्लस बेडर हेही त्याच शाळेचे माजी विद्यार्थी होते. अभ्यासात किंवा खेळात गिब्सन विशेष चमकले नाहीत, परंतु हाती घेतलेले काम न सोडण्याची त्यांची चिकाटी शिक्षकांच्या नजरेत भरली होती. नव्या विमानांची चाचणी घेणारा वैमानिक व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी व्हिकर्स कंपनीच्या मुख्य चाचणी वैमानिकाला पत्र लिहिले, तेव्हा प्रथम हवाई दलात जाऊन विमान चालवायला शिकावे, असा सल्ला त्यांना मिळाला. हवाई दलाने त्यांचा पहिला अर्ज नाकारला. ते उंचीने कमी होते आणि त्यांचे पाय आखूड भरले. दुसऱ्या प्रयत्नात मात्र नोव्हेंबर १९३६ मध्ये त्यांची निवड झाली.

युद्धाचा आरंभ

प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर सप्टेंबर १९३७ मध्ये गिब्सन ८३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. मार्च १९३८ मध्ये हे स्क्वाड्रन लिंकनशायरमधील स्कॅम्पटन हवाईतळावर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला दोन इंजिनांची हॅम्पडेन विमाने मिळाली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी विल्हेल्म्सहाफेनच्या परिसरातील जर्मन युद्धनौकांचा शोध घेण्यासाठी निघालेल्या विमानांत गिब्सन यांचे विमान होते. हवामान इतके खराब होते की, लक्ष्य न गाठताच ती तुकडी परत फिरली.

पुढील वर्षभर हॅम्पडेनमधून त्यांनी जर्मनीच्या बंदरांत सुरुंग पेरणे, कालवे व रेल्वेमार्ग यांवर हल्ले करणे, अशी कामे केली. जुलै १९४० मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. २३ नोव्हेंबर १९४० रोजी अभिनेत्री ईव्ह मूर यांच्याशी वेल्समधील पेनार्थ येथे त्यांचा विवाह झाला. त्यांना अपत्य झाले नाही.

बाँबर वैमानिकाने मोहिमांचा एक टप्पा पूर्ण केला की, त्याला काही महिने प्रशिक्षकाचे काम देऊन विश्रांती देण्याची पद्धत होती. गिब्सन यांनी या विश्रांतीऐवजी लढाऊ विमानांचा मार्ग पत्करला. २९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ब्यूफायटर विमानातून रडारच्या साहाय्याने ते रात्री शत्रूची विमाने शोधत असत. सुमारे वर्षभर चाललेल्या या कामात त्यांनी काही जर्मन विमाने पाडली आणि आपल्या पदकाला दुसऱ्या सन्मानाची पट्टी मिळवली. या काळातील एक शिदोरी त्यांना पुढे अनपेक्षितपणे उपयोगी पडली. लढाऊ विमानांचे वैमानिक रेडिओ टेलिफोनवरून एकमेकांशी थेट बोलत असत. बाँबर विमानांत तशी रीत नव्हती.

लँकेस्टर आणि १०६ क्रमांकाचे स्क्वाड्रन

फेब्रुवारी १९४२ मध्ये आर्थर हॅरिस यांनी बाँबर कमांडची सूत्रे हाती घेतली आणि थोड्याच दिवसांत गिब्सन यांची १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय २३ वर्षांचे होते. स्क्वाड्रनकडे त्या वेळी अ‍ॅव्हरो कंपनीची मँचेस्टर विमाने होती. या विमानाची दोन व्हल्चर इंजिने भरवशाची नव्हती. ती शत्रूच्या तोफांइतकीच स्वतःच्या वैमानिकांचा घात करीत. त्याच विमानाच्या सांगाड्यात रॉय चॅडविक या अभियंत्याने पंखांचा विस्तार वाढवून चार मर्लिन इंजिने बसवली आणि त्यातून लँकेस्टर हे विमान आकारास आले. अपयशी यंत्राच्या दुरुस्तीतून ब्रिटनचे सर्वांत यशस्वी जड बाँबर विमान जन्मले, असे म्हणायला हरकत नाही. एकूण ७,३७७ लँकेस्टर विमाने बांधली गेली. १९४२ च्या उन्हाळ्यात १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ती मिळाली.

या विमानातील जीवन कसे होते, हे समजल्याशिवाय गिब्सन यांच्या पिढीचे युद्ध समजत नाही. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विमानाची लांबी सुमारे ३१ मीटर होती, पण सात माणसांसाठी आतली जागा अरुंद बोळासारखी होती. डावीकडे वैमानिक बसे. त्याच्या शेजारी, घडीच्या आसनावर, इंधन आणि इंजिने सांभाळणारा फ्लाइट इंजिनिअर असे. दुसरा वैमानिक नसे. पाठीमागे पडद्याआड छोट्या दिव्याच्या उजेडात दिशादर्शक नकाशे मांडून बसे आणि त्याच्या जवळच बिनतारी यंत्रावरचा माणूस असे. नाकाच्या टोकाशी पालथा पडून बाँब सोडणारा लक्ष्याकडे पाही. पाठीवरच्या आणि शेपटीकडच्या काचेच्या घुमटांत एकेक मशीनगन चालवणारा असे. शेपटीकडचा माणूस आठ-आठ तास एकटा, उलट्या दिशेने तोंड करून, गोठवणाऱ्या थंडीत बसून राही. विमान पेटले तर बाहेर पडण्याची पुढची झडप इतकी अरुंद होती की, हवाई छत्रीसह तिच्यातून निसटणे फार थोड्यांना जमले. बाँबर कमांडच्या विमानांत काम केलेल्या सुमारे १,२५,००० जणांपैकी ५५,५७३ जण युद्धात मरण पावले.

ऑक्टोबर १९४२ मध्ये फ्रान्समधील ल क्रूझो येथील कारखान्यांवर ९४ लँकेस्टर विमानांनी दिवसाढवळ्या, अतिशय कमी उंचीवरून जो हल्ला केला, त्यात गिब्सन होते. जानेवारी १९४३ मध्ये बीबीसीचे वार्ताहर रिचर्ड डिंबल्बी हे त्यांच्याच विमानात बसून बर्लिनवरील हल्ल्यावर गेले आणि परत येऊन त्यांनी त्याचे वर्णन नभोवाणीवरून ऐकवले. सायर्स्टन तळावर डिसेंबर १९४२ मध्ये एका विमानातील आगलावे बाँब जमिनीवरच पेटू लागले. ते बाजूला ओढण्यासाठी तळाचे प्रमुख गस वॉकर स्वतः धावत गेले आणि स्फोटात त्यांचा उजवा हात तुटला. मृत्यू हा केवळ शत्रूच्या प्रदेशावरच गाठतो असे नाही, याचा प्रत्यय त्या तळांवर रोज येत असे.

प्रमुख म्हणून गिब्सन कडक शिस्तीचे होते. अवघड मोहिमांवर ते स्वतः जात, त्यामुळे अनुभवी वैमानिकांचा त्यांच्यावर विश्वास होता. परंतु हुद्द्याने खालच्या लोकांशी, विशेषतः जमिनीवर काम करणाऱ्या कारागिरांशी ते तुटकपणे वागत आणि त्यामुळे अनेकांना ते उद्धट वाटत. ‘बाल-सम्राट’ अशा अर्थाचे टोपणनाव त्यांना याच काळात मिळाले. मद्यपान आणि मौजमजा यांत ते समवयस्कांबरोबर असत, तथापि ती जवळीक बहुधा अधिकाऱ्यांपुरतीच राही. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली आणि मार्च १९४३ मध्ये तिच्यावर आणखी एक पट्टी चढली.

६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची उभारणी

मार्च १९४३ मध्ये गिब्सन यांची १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधील मुदत संपली. रजेवर जाण्याऐवजी त्यांना पाचव्या गटाच्या मुख्यालयात बोलावण्यात आले. एका विशेष हल्ल्यासाठी नवे स्क्वाड्रन उभारायचे होते. लक्ष्य कोणते, हे त्यांना सांगण्यात आले नाही. स्कॅम्पटन तळावर हे स्क्वाड्रन उभे राहिले आणि त्याला ६१७ हा क्रमांक मिळाला. लोकप्रिय समजूत अशी आहे की, त्यातील प्रत्येक वैमानिक गिब्सन यांनी स्वतः निवडलेला, मुरलेला योद्धा होता. वस्तुस्थिती तशी नव्हती. जॉन हॉपगुड, मिक मार्टिन, डेव्हिड शॅनन अशा काहींना त्यांनी खरोखरच मागून घेतले होते. इतर अनेक जण अन्य स्क्वाड्रनांनी पाठवलेले होते आणि काहींच्या नावावर दहा मोहिमाही नव्हत्या. ब्रिटिशांबरोबर त्यांत कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील तरुण होते आणि जो मॅकार्थी हा एक अमेरिकनही होता.

या हल्ल्यामागची कल्पना व्हिकर्स कंपनीतील अभियंते बार्न्स वॉलिस यांची होती. धरणाच्या भिंतीला खेटून, पाण्याखाली स्फोट झाला तर पाण्याचाच दाब भिंतीवर आदळतो आणि तुलनेने लहान बाँबही पुरेसा होतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले होते. भिंतीपुढे पाणतीरांना अडवणाऱ्या जाळ्या होत्या. त्या ओलांडण्यासाठी, मुले पाण्यावर चपटा दगड टप्पे खात पाठवतात तसा, बाँब पाण्यावरून उड्या मारत जाईल अशी योजना त्यांनी केली. त्यासाठी सुमारे ४,२०० किलोग्रॅम वजनाचा पिंपाच्या आकाराचा बाँब विमानाच्या पोटाखाली आडवा टांगून, सोडण्यापूर्वी मिनिटाला ५०० फेऱ्या या वेगाने उलट दिशेने फिरवायचा होता. उलट फिरण्यामुळे तो पाण्यावर उसळत जाई आणि भिंतीला थडकल्यावर तिला चिकटूनच खाली बुडे. केंटच्या किनाऱ्यावर रेकल्व्हर येथील चाचण्यांत बाँबचे वेष्टन फुटू लागले, तेव्हा सोडण्याची उंची १५० फुटांवरून ६० फुटांवर आणावी लागली. गिब्सन आणि वॉलिस यांची पहिली भेट झाली, तेव्हा लक्ष्य ज्यांना सांगता येईल अशांच्या यादीत गिब्सन यांचे नाव नसल्याने वॉलिस यांना ते सांगता आले नाही. काही दिवसांनी वरिष्ठांनी धरणांच्या प्रतिकृती दाखवल्या, तेव्हा त्यांना उलगडा झाला. स्क्वाड्रनमधील बहुतेकांना तो प्रत्यक्ष हल्ल्याच्या दिवशीच झाला.

सुमारे आठ आठवड्यांत सर्व तयारी करायची होती, कारण मे महिन्यात धरणे काठोकाठ भरलेली असत आणि त्याच महिन्यात पौर्णिमेचा प्रकाश हवा होता. वैमानिकांनी डर्बीशायरमधील डर्वेंट जलाशयासह अनेक तलावांवर सराव केला. दिवसा रात्रीचा आभास व्हावा म्हणून विमानाच्या काचांना निळे पडदे लावून, पिवळसर चष्मे घालून उड्डाणे होत. ६० फुटांवर नेहमीचे उंचीमापक कुचकामी ठरत. म्हणून विमानाच्या पोटाखाली दोन दिवे असे तिरपे बसवले की, त्यांचे झोत बरोबर ६० फुटांवर पाण्यावर एकत्र येत. बाँब सोडण्याचे अंतर मोजण्यासाठी लाकडी त्रिकोण वापरला. त्यावरचे दोन खिळे धरणाच्या दोन बुरुजांशी जुळले की कळ दाबायची. काहींनी याऐवजी समोरच्या काचेवर खुणा करून दोरी वापरली. बाँबला जागा देण्यासाठी विमानाच्या पोटाची दारे आणि पाठीवरचा घुमट काढून टाकला होता. तेथील मशीनगनवाला आता नाकाशी बसे आणि त्याचे पाय खाली पालथ्या पडलेल्या सहकाऱ्याच्या डोक्यावर येऊ नयेत, म्हणून रिकिबी बसवल्या होत्या. गिब्सन यांच्या लढाऊ विमानांतील अनुभवाला अनुसरून सर्व विमानांत परस्परांशी बोलण्याची यंत्रणाही बसवण्यात आली. युद्धभूमीवर हजर राहून इतर बाँबर विमानांना सूचना देणारा प्रमुख, ही पद्धत पुढे रूढ झाली. तिच्या आरंभीच्या उदाहरणांत या हल्ल्याची गणना होते.

१६-१७ मे १९४३

हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी गिब्सन यांचा लाडका काळा लॅब्राडॉर कुत्रा तळाच्या दारासमोर मोटारीखाली सापडून मेला. वैमानिकांना हा अपशकुन वाटेल, म्हणून ही बातमी पसरू नये अशी खबरदारी घेण्यात आली. आपण जर्मनीवर असताना, मध्यरात्री त्याला पुरावे, असे गिब्सन यांनी सांगून ठेवले. त्याच संध्याकाळी निवडक सहकाऱ्यांना लक्ष्य सांगण्यात आले, तेव्हा हॉपगुड यांनी एक महत्त्वाची त्रुटी दाखवली. ठरलेला मार्ग ह्यूल्स येथील रबर कारखान्यावरून जात होता आणि तेथे विमानवेधी तोफांचा मोठा ताफा होता. तो मार्ग बदलण्यात आला.

१६ मे च्या रात्री १९ लँकेस्टर विमानांतून १३३ जण निघाले. गिब्सन यांच्यासह नऊ विमाने म्योने आणि नंतर एडर या धरणांकडे, पाच विमाने झोर्पे धरणाकडे आणि उरलेली पाच राखीव म्हणून उशिरा, अशी विभागणी होती. रडार चुकवण्यासाठी ती झाडांच्या शेंड्यांलगत उडत होती. या उंचीचा धोका लवकरच दिसला. एक विमान विजेच्या तारांच्या मनोऱ्याला धडकून कोसळले. दुसऱ्या एकाचा बाँब समुद्राच्या पाण्याने ओढून नेला. काही वाटेतच तोफांना बळी पडली.

म्योने धरणाची भिंत सुमारे ४० मीटर उंच आणि ६५० मीटर लांब होती व तिच्यावर तोफा होत्या. मध्यरात्र उलटल्यावर सुमारे अर्ध्या तासाने गिब्सन यांनी पहिला हल्ला केला. त्यांचा बाँब भिंतीच्या अलीकडेच बुडाला. त्यांच्या पाठोपाठ हॉपगुड आले. त्यांच्या विमानाला तोफांनी आधीच आग लावली होती. बाँब भिंतीवरून पलीकडे गेला आणि त्याने खालचे वीजकेंद्र उद्ध्वस्त केले. विमान थोडे उंच चढून फुटले. त्यातून दोघेच वाचले आणि ते कैद झाले. यानंतर मार्टिन हल्ला करीत असताना गिब्सन यांनी आपले विमान त्यांच्या बाजूने नेले आणि तोफांचा मारा स्वतःकडे ओढून घेतला. बाँब संपल्यावर परत निघण्याऐवजी पुन्हा त्या माऱ्यात शिरण्याची ही कृती व्हिक्टोरिया क्रॉससाठी विशेषत्वाने विचारात घेतली गेली. चौथा हल्ला हेन्री यंग यांचा आणि पाचवा डेव्हिड मॉल्टबी यांचा. मॉल्टबी यांच्या बाँबनंतर भिंत फुटली आणि सुमारे ७५ मीटर रुंदीच्या खिंडारातून पाणी खोऱ्यात झेपावले.

ज्यांच्याकडे बाँब शिल्लक होते, त्यांना घेऊन गिब्सन एडर धरणाकडे गेले. तेथे तोफा नव्हत्या, पण उंच डोंगरांमुळे खाली उतरून नेमक्या उंचीवर येणे अतिशय अवघड होते. शॅनन यांनी अनेक फेऱ्या मारल्या. हेन्री मॉडस्ले यांचा बाँब भिंतीच्या कठड्यावर आदळून फुटला व त्यांच्याच विमानाला इजा झाली. अखेर लेस नाइट या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या बाँबने एडरची भिंत फुटली. मातीच्या भरावाचे झोर्पे धरण मात्र दोन हल्ल्यांनंतरही टिकले.

आठ विमाने परत आली नाहीत. ५३ जण ठार झाले, तिघे कैदी झाले. मॉडस्ले व यंग हे दोघेही परतीच्या वाटेवर मारले गेले. वॉलिस यांना हा आकडा असह्य झाला. पुढे सरकारकडून मिळालेले दहा हजार पौंडांचे पारितोषिक त्यांनी हवाई दलातील लोकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी आपल्या शाळेला देऊन टाकले. गिब्सन आपल्या कार्यालयात बसून ५६ कुटुंबांना पत्रे पाठवण्याच्या कामाला लागले.

परिणाम आणि मूल्यमापन

ब्रिटनमध्ये या हल्ल्याचे जल्लोषात स्वागत झाले. राजवाड्यातील समारंभात २२ जून १९४३ रोजी गिब्सन यांना व्हिक्टोरिया क्रॉस प्रदान करण्यात आला. त्या रात्रीच्या कामगिरीबद्दल स्क्वाड्रनमधील एकूण ३४ जणांचा गौरव झाला.

खोऱ्यात काय घडले, ते त्या जल्लोषात फारसे उमटले नाही. पुरात सुमारे १,३०० ते १,६०० माणसे मेली. त्यांत शेकडो जण असे होते, ज्यांना जर्मनीने व्यापलेल्या प्रदेशांतून वेठबिगारीसाठी पकडून आणले होते. म्योने धरणाखालील नेहाइम गावाजवळच्या छावणीत सोव्हिएत प्रदेशातील स्त्रिया मोठ्या संख्येने बुडाल्या. ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चालले होते, त्यांच्याच वाट्याला हा मृत्यू आला, ही या हल्ल्याच्या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक बाब म्हटली पाहिजे.

लष्करी फलिताविषयी इतिहासकारांत एकमत नाही. कारखान्यांचा पाणीपुरवठा आणि वीज काही आठवडे विस्कळीत झाली, पूल वाहून गेले, शेते गाळाने भरली. परंतु म्योनेची भिंत त्याच वर्षीच्या पावसाळी हंगामापूर्वी पुन्हा बांधून झाली आणि दुरुस्ती चालू असताना ब्रिटिशांनी तिच्यावर दुसरा हल्ला केला नाही. जर्मनीचे युद्धसामग्री मंत्री आल्बर्ट श्पेअर यांनी पुढे आपल्या आठवणींत याविषयी आश्चर्य व्यक्त केले आहे. दुरुस्तीसाठी हजारो कामगार अन्य कामांवरून, विशेषतः अटलांटिक किनाऱ्यावरील तटबंदीवरून, हलवावे लागले, हा मात्र निश्चित लाभ होता. १९७७ मध्ये जिनिव्हा करारांना जोडलेल्या पहिल्या पूरक मसुद्याने, नागरिकांची मोठी हानी होईल अशा धरणांवरील हल्ल्यांना मनाई केली.

प्रसिद्धी आणि अखेरचे वर्ष

युद्धाला नायक हवा होता आणि तो गिब्सन यांच्या रूपाने सापडला. ऑगस्ट १९४३ मध्ये त्यांना स्क्वाड्रनवरून काढून पंतप्रधान चर्चिल यांच्याबरोबर क्वेबेक परिषदेसाठी पाठवण्यात आले आणि त्यानंतर कॅनडा व अमेरिकेत त्यांची व्याख्याने झाली. कॅल्गरी येथे ते आपल्या विमानाचे दिशादर्शक हार्लो टॅरम यांच्या आईला भेटले. या भेटीनंतर काही दिवसांतच टॅरम मरण पावले.

मायदेशी परतल्यावर गिब्सन यांना हवाई मंत्रालयात लेखणीचे काम देण्यात आले. तेथे त्यांनी ‘एनिमी कोस्ट अहेड’ हे आत्मकथन लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बाँबर वैमानिकांच्या जीवनाविषयीच्या उत्तम पुस्तकांत गणले जाते. हुजूर पक्षाने मॅकल्सफील्ड मतदारसंघासाठी त्यांना उमेदवार म्हणून निवडले होते, पण काही महिन्यांतच त्यांनी ते सोडले. मेजावरचे काम त्यांना मानवले नाही. पुन्हा उड्डाण करू द्यावे, असा तगादा त्यांनी वरिष्ठांकडे लावला आणि अधूनमधून परवानगी मिळवली.

१९ सप्टेंबर १९४४ रोजी म्युन्शेनग्लाडबाख आणि ऱ्हाइट या शहरांवरील हल्ल्याचे नियंत्रण करण्यासाठी ते दिशादर्शक जेम्स वॉरविक यांच्यासह वुडहॉल स्पा तळावरून मॉस्किटो विमानातून निघाले. या विमानाचा त्यांना पुरेसा सराव नव्हता. हल्ला पार पडला, परंतु परतताना रात्री साडेदहाच्या सुमारास नेदरलँड्समधील स्टीनबर्गेनजवळ विमान कोसळले व दोघेही ठार झाले. कारणाविषयी मतभेद आहेत. जर्मन तोफांचा मारा, इंधनाच्या टाक्या बदलण्यातील चूक, किंवा आपल्याच एखाद्या लँकेस्टरच्या शेपटीकडून गैरसमजाने झालेला गोळीबार, अशा तीन शक्यता मांडल्या जातात. मोज्यावरील नावाच्या पट्टीवरून गिब्सन यांची ओळख पटली. गावकऱ्यांनी दोघांना स्टीनबर्गेनच्या कॅथलिक दफनभूमीत शेजारी शेजारी पुरले. त्या गावात आज दोघांच्याही नावाचे रस्ते आहेत.

१९५५ साली आलेल्या ‘द डॅम बस्टर्स’ या चित्रपटात रिचर्ड टॉड यांनी गिब्सन यांची भूमिका केली आणि त्यांची प्रतिमा त्यानंतर बरीचशी या चित्रपटावरच उभी राहिली. त्यांच्या कुत्र्याचे नाव हा कृष्णवर्णीयांसाठीचा अपमानास्पद शब्द होता आणि म्योने धरण फुटल्याचा संकेतशब्द म्हणूनही तोच वापरला गेला होता. स्कॅम्पटन येथील कुत्र्याच्या थडग्यावरचा दगड हवाई दलाने २०२० मध्ये बदलला.

‘जी’ विमान आणि त्यातील सात जण

धरणांवरील हल्ल्यात गिब्सन यांनी चालवलेल्या लँकेस्टरचा क्रमांक ईडी ९३२ होता आणि त्याच्या अंगावर एजे-जी अशी अक्षरे होती. त्यात फ्लाइट इंजिनिअर जॉन पुलफर्ड, दिशादर्शक हार्लो टॅरम, बिनतारी यंत्रावर रॉबर्ट हचिसन, बाँब सोडणारे फ्रेडरिक स्पॅफर्ड, पुढच्या मशीनगनवर जॉर्ज डिअरिंग आणि शेपटीकडे रिचर्ड ट्रेव्हर-रोपर असे सहा जण गिब्सन यांच्याबरोबर होते. टॅरम व डिअरिंग कॅनडातून आले होते, तर स्पॅफर्ड ऑस्ट्रेलियातून.

गिब्सन गेल्यावर स्क्वाड्रनची सूत्रे जॉर्ज होल्डन यांच्याकडे आली. १५ सप्टेंबर १९४३ च्या रात्री डॉर्टमुंड-एम्स कालव्यावरील हल्ल्यात होल्डन यांचे विमान कमी उंचीवर पाडले गेले. त्यात टॅरम, हचिसन, स्पॅफर्ड आणि डिअरिंग हे चौघे होते. त्या मोहिमेवर गेलेल्या आठ विमानांपैकी पाच परतली नाहीत. पुलफर्ड १३ फेब्रुवारी १९४४ रोजी, दक्षिण फ्रान्समधील आंतिओर पुलावरील हल्ल्यानंतर घरी परतताना, ससेक्समधील टेकडीवर विमान आदळून मरण पावले. ट्रेव्हर-रोपर दुसऱ्या स्क्वाड्रनमध्ये गेले होते. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवरील हल्ल्यात, जी बाँबर कमांडची सर्वांत मोठ्या हानीची रात्र ठरली, ते मारले गेले. सहा महिन्यांनी गिब्सन गेले. त्या रात्री निघालेल्या १३३ जणांपैकी युद्धाच्या अखेरीस ४८ जण हयात होते.

विमान मात्र युद्धातून सुखरूप बाहेर पडले. १९४६ मध्ये वॉलिस यांचे उरलेले बाँब अटलांटिक महासागरात टाकण्याच्या कामी ते वापरण्यात आले आणि १९४७ मध्ये मोडीत काढण्यात आले.